बाथशिबाची निवड

टॉमस हार्डी या इंग्रज लेखकाची ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही कादंबरी १८७४ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका बाथशिबा एव्हरडीन हिच्यासमोर तीन पुरुष येतात आणि त्यांतून ती नेमका सार्जंट ट्रॉय याला पती म्हणून निवडते. असे तिने का करावे, हा प्रश्न वाचकाला अस्वस्थ करतो.

बाथशिबा अजाण नव्हे. ऐन तारुण्यात काकांची शेती तिच्या हाती आली. जव चोरणाऱ्या कारभाऱ्यास तिने तत्काळ दूर केले, मजुरांचे वेतन स्वहस्ते चुकते केले आणि धान्यबाजारात पुरुषांच्या मेळ्यात उभी राहून, नमुन्याचे दाणे तळहातावर घेऊन तिने भाव ठरविला. आयुष्याचा व्यवहार मात्र तिने पारखल्याविना केला. लाल गणवेश, तलवारीचे हात आणि मधुर वाणी यांना ती भुलली. संबंध तोडण्यासाठी म्हणून ती बाथ शहरी गेली. तेथे ‘तुझ्याहून सुंदर स्त्री पाहिली’ असे ट्रॉयने म्हणताच मत्सराच्या भरात विवाह करून परतली. पुढे एका महिन्यात शंभराहून अधिक पौंड घोड्यांच्या शर्यतींत गेले. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ साली झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे या निवडीची जोखीम कळते.

मग मातब्बर शेतकरी बोल्डवुड याला वरावयास हवे होते, असे अनेकांना वाटेल. घर, पत, प्रतिष्ठा, वय, सारे चोख. वडीलधाऱ्यांनी हेच स्थळ पसंत केले असते. परंतु नकार मिळताच हा गृहस्थ स्वतःच्या धान्याच्या गंज्या पावसात भिजू देतो आणि अखेरीस ट्रॉयवर गोळी झाडतो.

उरला गॅब्रिएल ओक. एका रात्रीत त्याच्या दोनशे मेंढ्या कड्यावरून पडून मेल्या. त्यांचा विमा नव्हता. त्याने होते नव्हते ते विकून सर्व देणे फेडले आणि बाथशिबाच्या शेतावर चाकरी पत्करली. वादळाच्या रात्री ट्रॉयने पाजलेल्या ब्रँडीने मजूर निद्रिस्त असताना, आठ गंज्यांतील साडेसातशे पौंडांच्या धान्याचा हिशेब करून त्याने त्या झाकल्या. मालकीण दुसऱ्याची पत्नी झालेली होती. परताव्याची आशा नव्हती.

कर्ज देताना बँक भांडवल, क्षमता आणि चारित्र्य पाहते. पहिली दोन कागदावर दिसतात. तिसरे नुकसानीच्या वेळीच कळते. ट्रॉयजवळ दिखावा होता, बोल्डवुडजवळ ताळेबंद. देणे फेडण्याची नियत ओकजवळ होती.

शेवटी ओक कॅलिफोर्नियास जाण्याचे योजितो, तेव्हा बाथशिबा आपण होऊन त्याच्या झोपडीत जाते. हे प्रेम नसून सोय आहे, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो पटत नाही. सुखदुःखात एकत्र काम करताना जो स्नेह उपजतो, त्याला हार्डी सर्वांत टिकाऊ मानतो.

आपल्या घरांतही परिचयपत्रके येतात. उलाढाल, दुकाने, घराणे बारकाईने वाचले जाते. वाचकहो, मुलीच्या भाबडेपणास दोष देण्यापूर्वी आपण बोल्डवुड तर निवडीत नाही ना, हेही पाहावे. धंद्यात खोट आली तेव्हा या मुलाने देणेकऱ्यांशी आणि नोकरांशी कसे वर्तन केले, एवढे अवश्य विचारावे. आणि हा प्रश्न मुलीलाही विचारू द्यावा.