शनिवारचे हीरो
मैदानाच्या पलीकडे : लेखांक ६

अमेरिकेत फुटबॉलचा आठवडा ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री शाळांचे सामने, शनिवारी कॉलेजांचे, रविवारी व्यावसायिक संघांचे. (फुटबॉल म्हणजे त्यांचा, हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू छातीशी धरून पळण्याचा. पायाने खेळतात त्याला ते सॉकर म्हणतात.) आज शनिवारबद्दल लिहायचं आहे, कारण आपल्याला त्यातलं शनिवारचं वेडच सर्वांत अनोळखी आहे. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्याला खेळाडूंचे मित्र, एखाद-दुसरे प्राध्यापक आणि चहावाला एवढी माणसं जमली तरी आयोजक खूश असतात. ॲन आर्बरमधल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि शनिवारी ते भरतं.

आयोवा, नेब्रास्का, अलाबामा या राज्यांत व्यावसायिक फुटबॉलच्या सर्वोच्च लीगमधले संघच नाहीत. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. त्यात खेळणारी मुलं साधारण अठरा ते बावीस वर्षांची. ती सोमवारी वर्गात बसलेली दिसतात, गावातल्याच दुकानात दूध-अंडी घेताना दिसतात, आणि दहा वर्षांच्या पोराला ती आपल्या मोठ्या भावासारखी वाटतात. नातवंडांकडे टेक्सासला किंवा ओहायोला जाऊन आलेल्या इकडच्या आजी-आजोबांनी हे पाहिलेलं असेल. नातू शनिवारी भलत्याच मुलाचा नंबर पाठीवर घालून हिंडत असतो आणि विचारलं तर त्या मुलाची सगळी कुंडली सांगतो.

मग या विशीतल्या पोरांना लहान मुलांसमोर आदर्श म्हणून उभं करावं का? अमेरिकेत हा वाद जुना आहे. १९९३ मध्ये बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कलीने बुटांच्या एका जाहिरातीत उघडच सांगितलं होतं की मी काही कुणाचा आदर्श नाही, ते काम आई-बापांचं. त्यावर मोठी ओरड झाली. मला बार्कलीचं म्हणणं निम्मं पटतं. चेंडू चांगला फेकता येतो म्हणून माणूस चांगला होत नाही, हे खरंच आहे. पण मूल काही आपली परवानगी घेऊन कुणाकडे बघत नाही. ते बघणारच. त्याने नेमकं काय बघावं, एवढंच मोठ्यांच्या हातात थोडंफार असतं.

आयोवा सिटीचं उदाहरण घेऊ. तिथल्या किनिक स्टेडियमला लागूनच विद्यापीठाचं मुलांचं रुग्णालय आहे. २०१७ मध्ये त्याची नवी उंच इमारत सुरू झाली आणि तिच्या बाराव्या मजल्यावरच्या काचेतून थेट मैदान दिसू लागलं. कॅन्सरचे उपचार घेणारी, हृदयाच्या ऑपरेशनसाठी आलेली मुलं तिथे बसून सामना बघू लागली. त्या वर्षी मोसमाच्या तोंडावर संघाच्या एका चाहतीने समाजमाध्यमावर सुचवलं की पहिला क्वार्टर संपला की सगळ्यांनी वळून वर मुलांना हात करायला काय हरकत आहे? २ सप्टेंबर २०१७ ला वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात तसं झालं. प्रेक्षक, खेळाडू, पंच, बँडवाले, सगळे वळले. तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्यात हे होतं. पाहुणा संघही मैदानाच्या कडेला उभा राहून हात हलवतो. ज्यांच्या ड्रेसिंग रूमला यजमानांनी मुद्दाम गुलाबी रंग दिलाय (हा तिथल्या एका जुन्या कोचचा उद्योग, प्रतिस्पर्ध्याचं डोकं थंड पडावं म्हणून), तेसुद्धा.

यातली मला आवडणारी गोष्ट अशी की कल्पना खेळाडूंची नव्हती. ते फक्त सामील झाले. घामाघूम झालेला, मागच्याच खेळीत मार खाऊन आलेला, डोक्यात पुढचा डाव असलेला वीस वर्षांचा मुलगा हेल्मेट हातात घेऊन एक मिनिट वर बघतो. वरच्या मुलांना त्यातून काय मिळतं ते त्यांचे आई-वडील सांगतील. माझं लक्ष स्टँडमधल्या, बापाच्या मांडीवर बसलेल्या धडधाकट मुलाकडे जातं. खेळ कितीही रंगला तरी तो मिनिटभर थांबवता येतो, हे त्याला कुणी न सांगता कळतं.

याच विद्यापीठाचा, २००९ पासून चालत आलेला आणखी एक उपक्रम आहे. घरच्या प्रत्येक सामन्याला रुग्णालयातलं एक मूल मानाचा कॅप्टन होतं. आणि ज्याच्या नावाचं स्टेडियम, तो नाइल किनिक १९३९ मध्ये हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवणारा मुलगा. त्या मोसमात ४२० पैकी ४०२ मिनिटं तो मैदानावर होता. ट्रॉफी घेताना केलेल्या भाषणात त्याने युरोपातल्या रणांगणाऐवजी आपल्याला खेळाचं मैदान लाभलं याबद्दल देवाचे आभार मानले होते. १९४३ मध्ये व्हेनेझुएलाजवळ नौदलाच्या सरावात त्याचं विमान समुद्रात पडलं. तो चोवीस वर्षांचा होता.

किनिकसारखी माणसं भिंतीवर लावायला बरी, पण मुलांनी त्यांचं नेमकं काय उचलायचं, हा प्रश्न उरतोच. त्या दृष्टीने मला मायरन रोल अधिक कामाचा वाटतो. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

रोलचं कुटुंब बहामाजचं, तो वाढला न्यू जर्सीत. पाचवीत असताना भावाने त्याला बेन कार्सन या न्यूरोसर्जनचं आत्मचरित्र दिलं, आणि पोराने तेव्हाच दोन गोष्टी ठरवल्या : फुटबॉल खेळायचा आणि मेंदूचा डॉक्टर व्हायचं. पाचवीतली पोरं असं बरंच काही ठरवतात. हा मात्र फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आला, बचावफळीत खेळला आणि अडीच वर्षांत पदवी घेऊन मोकळा झाला. ज्यांना कॉलेज फुटबॉलचं वेळापत्रक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : पहाटेचा व्यायाम, दुपारी सराव, संध्याकाळी व्हिडिओ बघत बसायचं आणि मोसमात एक आड एक आठवडा प्रवास. यात नेमलेल्या चार वर्षांत पदवी मिळवतानाच अनेकांची दमछाक होते.

नोव्हेंबर २००८ मध्ये त्याच्यासमोर पेच आला. ऑक्सफर्डला शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, आणि त्याच शनिवारी संघाचा सामना मेरीलँडमध्ये. त्याने मुलाखत निवडली. कोच बॉबी बाउडन यांनी अडवलं नाही. शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळताच तो खास विमानाने मेरीलँडला निघाला, सामना सुरू झाल्यावर पोहोचला, कपडे बदलून मैदानात उतरला. फ्लोरिडा स्टेटने तो सामना ३७-३ असा जिंकला. हा भाग अमेरिकन वर्तमानपत्रांना फार आवडला, आवडण्यासारखाच होता.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. रोल एक वर्ष ऑक्सफर्डला गेला. परत आल्यावर व्यावसायिक संघांनी त्याला निवडीच्या मुलाखतींना बोलावलं. एका संघाने विचारलं की मुलाखतीसाठी आपल्या टीमला सोडून जाताना तुला कसं वाटलं? ज्या गोष्टीसाठी त्याचं कौतुक झालं, तीच इथे संशयाची झाली. फुटबॉलवर याचं खरंच मन आहे का? २०१० मध्ये टेनेसी टायटन्स या व्यावसायिक संघाने त्याला खेळाडूनिवडीच्या सहाव्या फेरीत घेतलं. नियमित मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. मग त्याने फुटबॉल सोडला, फ्लोरिडा स्टेटच्याच वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये न्यूरोसर्जरीचं प्रशिक्षण घेतलं.

आदर्श खेळाडूच्या गोष्टीत शेवटी कप उंचावलेला असावा अशी आपली अपेक्षा असते. रोलच्या गोष्टीत खेळाडू म्हणून अपयश आहे, चांगलं ठळक अपयश. त्याने स्वतः मात्र कॉलेजच्या बचावफळीचे कोच मिकी अँड्र्यूज यांची एक सवय आयुष्यभर धरून ठेवली : रोज दोन टक्के सुधारायचं. आज पाय टाकण्यात, उद्या चेंडू ओळखण्यात. ऑपरेशन शिकतानाही तेच. २०२२ मध्ये त्याने या दोन टक्क्यांवर पुस्तकही लिहिलं. दहा वर्षांच्या मुलाला ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा कित्ता गिरवता येत नाही. दोन टक्क्यांचा येतो, तोही आज संध्याकाळपासून.

याच विद्यापीठातली दुसरी एक गोष्ट मात्र सरळ नाही, आणि ती टाळून हा लेख लिहिणं अप्रामाणिकपणा ठरेल. ऑगस्ट २०१६ मध्ये फ्लोरिडा स्टेटचे काही खेळाडू टॅलाहासीमधल्या एका शाळेला भेट द्यायला गेले. ट्रॅव्हिस रुडॉल्फ या खेळाडूला जेवणाच्या हॉलमध्ये एक मुलगा एकटाच बसलेला दिसला. रुडॉल्फने विचारलं, बसू का? आणि पिझ्झा खात त्याच्यासमोर बसला. मुलाला ऑटिझम होता, तो बहुतेक रोज एकटाच जेवायचा, हे रुडॉल्फला माहीत नव्हतं. कुणीतरी काढलेला फोटो मुलाच्या आईपर्यंत पोहोचला, तिने त्यावर लिहिलं आणि ते देशभर पसरलं. नंतर त्या मुलाच्या टेबलावर शाळेतली मुलं येऊन बसू लागली. रुडॉल्फने केलं ते पोरांना करता येण्यासारखं होतं, म्हणून त्यांनी केलं.

आणि मग २०२१. फ्लोरिडातल्या एका गोळीबारानंतर रुडॉल्फवर खुनाचा आरोप ठेवला गेला. आपण स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या असं त्याचं म्हणणं होतं. २०२३ मध्ये ज्युरीने त्याला सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं. पण तोवर दोन वर्षं, त्याचं नाव निघालं की बातम्यांत तो जुना फोटो लागायचा. त्या फोटोतल्या कृत्याचं आता काय करायचं, हे जणू कुणाला कळत नव्हतं. माझ्या मते काहीच करायचं नव्हतं. वीस वर्षांच्या मुलाने एका दुपारी एक चांगली गोष्ट केली होती. आपण त्या दुपारवरून त्याला अख्ख्या आयुष्याचं प्रशस्तिपत्र देऊन टाकलं, ही घाई आपली. मुलांना खेळाडू दाखवताना त्याची एक कृती दाखवावी. माणूस उचलून देव्हाऱ्यात बसवला की पुढे त्याच्या प्रत्येक बातमीला घरात उत्तर द्यावं लागतं. देव्हाऱ्यातल्या माणसालाही ते सोसत नाही.

आता पैशांकडे वळतो, कारण आजच्या पालकांची मोठी तक्रार तीच आहे. पूर्वी कॉलेज खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मनाई होती, आणि चांगला खेळाडू म्हणजे पैसे न घेणारा, असं समीकरण झालं होतं. २००५ चा हाइझमन विजेता रेजी बुश याने कॉलेजात असताना भेटी आणि पैसे घेतल्याचं ठरलं आणि २०१० मध्ये त्याने ट्रॉफी सोडली. १ जुलै २०२१ पासून नियम बदलले. खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरू देऊन जाहिरातींतून कमाई करता येऊ लागली. २०२४ मध्ये बुशला ट्रॉफी परत मिळाली. २०२५ पासून तर विद्यापीठं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात. ज्या कारणाने एका पिढीने आपल्या मुलांना बुशकडे बोट दाखवून ‘असं करू नका’ म्हणून सांगितलं, ते कारणच उरलं नाही.

या पैशाने खेळाडू बिघडले, अशी कुरकुर तिथे दर आठवड्याला छापून येते. ज्याचा सामना बघायला लाख माणसं तिकीट काढतात, ज्याचे कोच कोट्यवधी कमावतात, त्याने एकट्याने फुकट खेळून मुलांना त्यागाचे धडे द्यावेत, ही अपेक्षा मला तरी कधीच प्रामाणिक वाटली नाही. पैसा हातात असताना कोण काय करतो, हे उलट मुलांना बघायला मिळावं. मिशिगनचा ब्लेक कोरम जाहिरातींचे पैसे मिळू लागल्यावर पहिल्याच थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी शेजारच्या इप्सिलँटी गावात घरोघरी टर्की (त्या सणाच्या जेवणातला पक्षी) वाटत फिरला. पुढच्या वर्षीही फिरला. ज्या घरात सणाला टर्की परवडत नाही तिथलं पोर दार उघडतं आणि समोर कोरम उभा असतो. यात प्रसिद्धीचा भाग नव्हता असं मी म्हणणार नाही. टर्की खरी होती, हेही तितकंच खरं.

शेवटी जो बरो या खेळाडूबद्दल. हाइझमन घेतली त्या दिवशी त्याच्यासमोर कॅमेरा होता, पण देण्यासारखं काही नव्हतं. तो ओहायोच्या आग्नेय कोपऱ्यातल्या अथेन्स काउंटीत वाढला. जुन्या खाणपट्ट्यातला हा गरीब भाग. ओहायो स्टेटमध्ये त्याला खेळायला मिळेना, म्हणून २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेटला गेला आणि पुढच्याच मोसमात संघाने पंधराच्या पंधरा सामने जिंकले. डिसेंबर २०१९ मध्ये हाइझमन स्वीकारताना तो रडला, मग म्हणाला की मी इथे उभा आहे तो आमच्या भागातल्या, शाळेतून भुकेल्या पोटी घरी जाणाऱ्या मुलामुलींसाठीही. त्यांनाही इथे उभं राहता येईल. मदत मागितली नाही, खात्याचा नंबर दिला नाही. गावातल्या एका माणसाने भाषण ऐकून स्थानिक अन्नछत्रासाठी ऑनलाइन निधी सुरू केला. उद्दिष्ट होतं एक हजार डॉलरचं. काही दिवसांतच चार लाखांहून अधिक डॉलर जमले. देणाऱ्यांत बरोच्या संघाकडून हरलेल्या विद्यापीठांचे चाहतेही होते. बहुतेक रकमा लहान होत्या.

पुढच्या लेखांकात : या मुलांना घडवणारे कोच. त्यांतल्या कित्येकांचा पगार त्या-त्या राज्याच्या गव्हर्नरपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि राज्यात कुणाला त्याचं फारसं नवल वाटत नाही.