पडद्यापासून घटकाभर विश्रांती

आपल्या गोंदिया जिल्ह्यात, शहरापासून तो देवरी-सालेकसाच्या खेड्यांपर्यंत, स्मार्टफोन पोहोचल्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. २०१६ साली इंटरनेट स्वस्त झाले आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून शाळाच मोबाईलवर भरू लागली. ज्या पालकांस मुलांच्या हाती फोन देणे रुचत नव्हते, त्यांनाही उसनवारी करून का होईना तो घ्यावा लागला. आज पोलीस भरतीची वा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा आपला विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका आणि व्याख्याने त्याच पडद्यावर पाहतो. ज्याच्या गावात धड ग्रंथालय नाही, त्याला हे साधन फेकून दे असे सांगणे म्हणजे अन्याय होय. म्हणून प्रस्तुत लेखात मोबाईल सोडण्याचा नव्हे, तर त्यापासून मधूनमधून विश्रांती घेण्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम डोळ्यांचा विचार करू. जवळची वस्तू पाहताना डोळ्याच्या आतील एक लहानसा स्नायू आकुंचन पावतो व भिंग फुगीर करतो. दूर पाहिले की तो सैल पडतो. तासन्‌तास पडदा पाहणे म्हणजे त्या स्नायूला मूठ आवळून ठेवावयास लावणे होय. शिवाय आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्यापुढे हे प्रमाण बरेच खाली येते. पापणी मिटली नाही की डोळ्यांवरील अश्रूंचा पातळ थर सुकतो आणि जळजळ, खुपणे, धूसर दिसणे सुरू होते. पुष्कळजण यालाच चष्म्याचा नंबर वाढला असे समजतात. यावर नेत्रतज्ज्ञ एक सोपा नियम सांगतात: दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, सुमारे ६ मीटर वा त्याहून दूरच्या वस्तूकडे पाहावे. आपल्याकडे तर यासाठी काही शोधावे लागत नाही. बांधीपलीकडचे मोहाचे झाड किंवा बोडीचा पैलतीर दिसला म्हणजे पुरे. लहान मुलांना तर उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू देणे आवश्यक आहे. जी मुले बाहेर अधिक वेळ असतात त्यांच्यात जवळचेच दिसण्याचा दोष कमी आढळतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की, एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसातून एक तासाहून अधिक नको. बाळ जेवत नाही म्हणून त्याच्यापुढे गाणी लावून ठेवणाऱ्या आयाबहिणींनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

झोपेचे नुकसान याहून मोठे आहे. अंधार पडला की मेंदूतून मेलॅटोनिन नावाचे द्रव्य स्रवू लागते व शरीराला झोपेची सूचना मिळते. पडद्याच्या निळसर प्रकाशाने ही सूचना लांबते. प्रकाशापेक्षाही त्यावरील मजकूर अधिक जागवतो, असे मला वाटते. पुस्तकाचे पान संपते, नाटकाचा अंक संपतो. पण बोटाने सरकवावयाच्या चित्रफितींना शेवटच ठेवलेला नाही. पुढची कदाचित अधिक मजेची असेल या आशेने बोट सरकत राहते. ही रचना हेतुपुरस्सर केलेली आहे, कारण आपण जितका वेळ पाहू तितक्या जाहिराती त्यांना दाखविता येतात. कोणी म्हणेल, मंडईच्या दिवसांत आपण झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहतोच की! पाहतो खरे, पण ते वर्षातून एखाददुसऱ्या रात्री, चार माणसांच्या सोबतीने, आणि पहाटे पडदा पडतो.

अशी विश्रांती एकट्याने घेणे कठीण जाते, हे ओळखून सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ साली एक वेगळा मार्ग काढला. टाळेबंदीनंतर शाळा सुरू झाल्या तरी मुलांचे लक्ष अभ्यासात लागेना. तेव्हा स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठराव केला. सायंकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजे आणि घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद होत. पुन्हा साडेआठला भोंगा वाजला की ते सुरू करावयाची मोकळीक असे. दीड तास मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे वा बोलत बसावे. आरंभी काहींनी थट्टा केली. परंतु अंगणवाडी सेविका, आशाताई आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि गाव वळणावर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदीच केली. दोहोंपैकी वडगावची रीत मला अधिक व्यवहार्य वाटते. बंदी फक्त मुलांवर पडते, आणि बाप ओसरीवर फोन पाहत असेल तर मुलगा ती का मानील? भोंगा मात्र बापालाही लागू होता.

ठरावीक काळापुरते दूर राहणे ही कल्पना आपणांस नवीन नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील ग्रहण करणारा उपासक नाच, गाणे, वाद्य व खेळतमाशे पाहण्यापासून विरत राहतो; पण ते त्या दिवसापुरते. नित्याच्या पंचशीलात हा नियम नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातही फोन आधी जमा करावा लागतो. बाबासाहेबांच्या जयंतीला वा ६ डिसेंबरला ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो, सकाळी ६ ते रात्री १२. त्यात बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. फोन बाजूला असताना पहिले दोन तास हात खिशाकडे जातो, नंतर तो जाईनासा होतो.

विहारातील अभ्यासिकेत रोज सायंकाळी दीड तास हे करता येण्यासारखे आहे. दाराशी एक पेटी ठेवावी, फोन बंद करून नावाच्या चिठ्ठीसह त्यात टाकावेत. घरी आजारी माणूस असेल तर एका कार्यकर्त्याचा फोन सुरू ठेवून त्याचा क्रमांक घरच्यांना द्यावा. ज्यांना व्याख्याने पाहावयाची आहेत त्यांनी ती आधी पाहून मुद्दे वहीत उतरवून आणावेत. आणि गजरासाठी लागतो म्हणून उशाशी फोन घेणाऱ्यांनी बाजारातून साधे गजराचे घड्याळ आणावे. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावता येतो.