हात जपायचा की हलवायचा?

स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली की घरचे बजावतात, त्या हाताला पूर्ण आराम दे. माया खरी, सल्ला मात्र अर्धाच बरोबर. हात अंगाशी धरून ठेवला तर खांदा आखडतो आणि ब्लाउजची बाही चढवणंही जड जातं. ब्रिटनमधल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत (२०२१) खांद्याच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या ३९२ स्त्रिया होत्या. त्यांतल्या निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू करून दिला. वर्षभरानंतर त्यांचा हात इतरांपेक्षा चांगला चालत होता. टाके उसवतील, हात सुजेल ही भीती स्वाभाविक आहे, पण या चाचणीत व्यायामामुळे जखमेचे त्रास वाढले नाहीत, सूजही नाही.

अर्थात हलवणं म्हणजे भरलेली बादली उचलणं नव्हे. जखमेतला स्राव बाहेर काढणारी ड्रेनची नळी असेपर्यंत हात किती वर न्यायचा, ते सर्जनना विचारावं. त्याच हाताने हळूहळू केस विंचरावेत, झोपताना कोपराखाली मऊ उशी घ्यावी, पुढून उघडणारा सैल सुती गाऊन घालावा. दुखणं अंगावर काढून वेदनाशामक गोळी टाळू नये. दुखणं आटोक्यात असेल तरच व्यायाम होतो. ताप, लाली किंवा अचानक सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.