आंब्याच्या जाती जपणारी बाग

रायवळ आंबा कुणाला ठाऊक नाही? तो बांधावर उगवतो, ओढ्याकाठी उगवतो, देवळामागे उगवतो. कुणी त्याला मुद्दाम लावत नाही. कुणी पाणी घालत नाही. पण वैशाख आला की पोरे आधी त्याच्याच खाली जमतात.

गावात अशी वीस झाडे असली, तर वीस चवीचे आंबे असतात. लोक त्यांना नावेही तशीच देतात. गराला खोबऱ्याची चव, तो खोबऱ्या. शेपूचा वास येतो, तो शेप्या. साखरेसारखा गोड, तो साखऱ्या. एखादा पिकला तरी आंबटच राहतो. पण त्याच्या कैरीचे लोणचे वर्षभर करकरीत राहते. घरातल्या बायका त्या झाडाला हात लावू देत नाहीत.

आमच्या आजोळी असा एक खोबऱ्या होता. रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हा तो तोडला. लाकूड दोन दिवसांत विकले गेले. पुढच्या उन्हाळ्यात मामी म्हणाली, "अरे, त्याची कोय तरी लावायला हवी होती." पण कोय लावूनही खोबऱ्या परत आला नसता. असे का, ते आता पाहू.

आंब्याच्या मोहोरावर माश्या बसतात. त्या एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात. म्हणून कोयीच्या पोटात दोन झाडांचे गुण एकत्र येतात. आई खोबऱ्या, पण बाप कोण ते कुणी सांगावे? शेप्याही असेल, ओढ्याकाठचा आंबटही असेल. माणसाची मुले हुबेहूब आईसारखी निघतात का? तसेच हे. आपल्याकडचे बहुतेक आंबे असेच आहेत. कोयीपासून झाड येते, पण जात येत नाही.

जात टिकवायची तर कलम बांधावे लागते. हापूसची फांदी घेतली, दुसऱ्या रोपावर जोडली, की वर हापूसच लागतो. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमे करण्याची विद्या वाढली. हापूस हे नावही आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सरदाराच्या नावावरून आले. आज रत्नागिरीला, देवगडला हापूसच्या बागाच बागा आहेत. पण नीट विचार केला तर त्या साऱ्या एकाच कुळीच्या फांद्या आहेत. त्यांच्या अंगचे गुण सारखे. दोषही सारखेच.

गुण सारखे असले तर बरेच की, असे तुम्ही म्हणाल. बाजारात एकसारखा माल जातो, भाव चांगला मिळतो. खरे आहे. पण रोग आला म्हणजे काय होते, ते ऐका.

युरोपात आयर्लंड नावाचा देश आहे. तिथले गरीब लोक बटाट्यावर जगत. बटाटाही बहुतेक एकाच जातीचा. बटाट्याचे डोळे पेरायचे, म्हणजे सगळी रोपे सारखी. 1845 साली तिथे करपा आला. पाने काळी पडली, बटाटे जमिनीतच कुजले. पुढची काही वर्षे तेच चालले. सुमारे 10 लाख माणसे भुकेने आणि साथीने मेली. तितकीच, किंबहुना जास्त, देश सोडून गेली. करप्याला तोंड देण्याचा गुण पुढे मेक्सिकोतल्या एका रानटी बटाट्यात सापडला. तो बटाटा खाण्याच्या कामाचा नव्हता. पण त्याच्यातला तो एक गुण मोलाचा ठरला.

केळीचेही तसेच झाले. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाच्या केळीच्या मोठमोठ्या बागा होत्या. मुनवे लावून वाढवलेल्या, म्हणून सगळ्या सारख्या. जमिनीतून मर रोग आला. 1960 च्या सुमारास त्या बागांचा धंदा बसला. मग कॅव्हेंडिश जातीची केळी आली. ती त्या रोगाला बळी पडत नव्हती. आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैन ही कॅव्हेंडिशच्याच कुळातली. पण आता त्या मर रोगाचा नवा प्रकार निघाला आहे. तो कॅव्हेंडिशलाही मारतो. बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बागांत तो आढळला आहे. जळगावकरांना हे सांगायला नकोच.

तेव्हा एका जातीवर सारा संसार टाकणे धोक्याचे. निरनिराळ्या जाती जिवंत असल्या पाहिजेत. आज निकामी वाटणारी जात उद्या कोणत्या कामाला येईल, ते आज सांगता येत नाही.

मग या जाती ठेवायच्या कुठे? गहू-ज्वारीचे सोपे आहे. बी चांगले वाळवावे, हवाबंद डब्यात घालावे, थंड जागी ठेवावे. ते वर्षानुवर्षे टिकते. तुम्ही म्हणाल, "मग कोयीही डब्यात भरा!" पण आंब्याची कोय वाळली की मरते. काही आठवड्यांतच तिचा जीव जातो. नारळाचे बीही साठवून टिकत नाही. आणि कोय टिकली असती, तरी जात टिकली नसतीच. म्हणून आंब्याची जात झाडाच्या रूपानेच जपावी लागते.

याकरिता खास बागा केलेल्या असतात. नेहमीच्या बागेत एका जातीची शंभर झाडे असतात. इथे शंभर जातींची दोन-दोन, चार-चार झाडे असतात. प्रत्येक झाडाला क्रमांक असतो. हे कलम कोणत्या गावाहून आणले, मोहोर कधी येतो, फळ केवढे, रोग कोणता पडतो, हे सारे वहीत लिहिलेले असते. वही हरवली तर बाग असून नसल्यासारखी. लखनौला केंद्र सरकारची आंब्याची अशी बाग आहे. तिथे 700 हून जास्त प्रकारचे आंबे जपले आहेत. केळीसाठी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला संस्था आहे. बेल्जियम देशात तर केळीची इवली रोपे काचेच्या नळ्यांत ठेवली आहेत. त्यांचे 1500 हून अधिक प्रकार आहेत.

आपल्या कोकणातही वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र आहे. ते 1957 साली सुरू झाले. तिथली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे.

हापूसमध्ये साका होतो, हे बागायतदाराला सांगायला नको. बाहेरून फळ सोन्यासारखे दिसते. कापले की आत पांढरट, पिठूळ, आंबूस गर. फळ फेकून द्यावे लागते. दुसरा दोष असा की हापूस एक वर्ष भरभरून येतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. दक्षिणेत नीलम नावाचा आंबा आहे. चवीला हापूसची सर नाही. पण तो दरवर्षी येतो आणि त्यात साका होत नाही. वेंगुर्ल्याच्या लोकांनी नीलम आणि हापूस यांचा संकर केला. मोहोरातली बारीक फुले चिमट्याने उघडून पराग लावायचा, वर पिशवी बांधायची, कोय रुजवायची, मग फळ येईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहायची. शेकड्यांतून एखादे झाड मनासारखे निघते. असे निघालेले झाड म्हणजे 'रत्ना'. ही जात 1981 साली शेतकऱ्यांना दिली. तिच्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992 साली 'सिंधू' आली. तिची कोय अगदी पातळ असते. हापूसच्या गावी नीलम कशाला, असे म्हणून ते झाड आधीच तोडले असते, तर यातले काही झाले नसते.

अशा बागा सांभाळणे मात्र सोपे नाही. झाडे उघड्यावर असतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आले. रायगड-रत्नागिरीत जुनी जुनी झाडे मुळासकट आडवी झाली. म्हणून शहाणे लोक एकच जात दोन-तीन ठिकाणी लावून ठेवतात. आणि वादळापेक्षा माणसाचे भय मोठे. रशियात सेंट पीटर्सबर्ग (पूर्वीचे लेनिनग्राड) शहराजवळ पाव्हलोव्स्क येथे फळझाडांची फार जुनी बाग आहे. 2010 साली तिथे घरे बांधायची टूम निघाली. कोर्टाचा निकालही बागेच्या विरुद्ध गेला. जगभरातून ओरड झाली, तेव्हा 2012 साली सरकारने तो बेत थांबवला. झाडे उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, हे कागदावर सही करणाऱ्याला समजत नाही.

याच लेनिनग्राडची आणखी एक हकीकत आहे. निकोलाय वाविलोव नावाचे मोठे शास्त्रज्ञ तिथे होते. देशोदेशी हिंडून त्यांनी धान्यांची, बटाट्यांची, फळांची वाणे गोळा केली. 1941 साली जर्मन फौजेने शहराला वेढा घातला. तो जवळजवळ 900 दिवस चालला. शहरात लाखो माणसे उपासमारीने मेली. बटाट्याचा संग्रह पाव्हलोव्स्कच्या शेतात होता. तोफांचे गोळे पडत असताना तिथल्या लोकांनी तो खणून शहरात आणला. थंडी इतकी की बटाटे गोठून जातील. म्हणून मिळेल ते लाकूड जाळून त्यांनी तळघर उबदार ठेवले. उंदरांवर रात्रंदिवस पहारा केला. समोर तांदळाच्या, शेंगदाण्याच्या, बटाट्याच्या पिशव्या होत्या. पण कुणी त्यातला दाणाही तोंडात घातला नाही. कित्येक जण तिथेच उपाशी मेले. तांदळाचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इव्हानोव्ह हे तांदळाच्या हजारो पुड्यांमध्ये भुकेने गेले. आणि वाविलोव? त्यांना त्यांच्याच सरकारने 1940 साली तुरुंगात घातले होते. 1943 च्या जानेवारीत तेही तिथे उपासमारीने खंगून मेले.

आपल्याला एवढे करायचे नाही. आपल्या बांधावरचा आंबा जगवायचा आहे. त्याला सरकारी बाग लागत नाही. 2001 च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदही करता येते. पण आधी झाड तर राहिले पाहिजे. त्याचे कोय कलम असे करतात.

पावसाळ्याच्या तोंडी ताज्या कोयी वाफ्यात रुजत घालाव्या. रोप पंधरा दिवसांचे झाले, पाने तांबूस आहेत, अशा वेळी ते कोयीसकट उपटावे. कोयीच्या वर चार बोटे ठेवून शेंडा छाटावा आणि खुंटाला मधोमध चीर द्यावी. ज्या आंब्याची जात हवी, त्याची तीन-चार महिन्यांची, खुंटाएवढीच जाड काडी घ्यावी. तिची पाने आठवडाभर आधी झाडावरच खुडावी, देठ ठेवावे. काडीच्या बुडाला पाचरीसारखा आकार द्यावा. चाकू धारदार आणि स्वच्छ हवा. पाचर चिरेत बसवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावे. मग कोय मातीच्या पिशवीत लावून सावलीत ठेवावी. पहिल्यांदा दहातली चार जगली तरी वाईट वाटून घेऊ नये. हात बसला की जास्त जगतात. काडी लांबून आणायची असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळावी आणि लवकर वापरावी.

पिशवीला लगेच चिठ्ठी बांधावी. आंब्याचे नाव, कुणाच्या बांधावरचा, फळ कसे, लोणच्याचा की चोखायचा, एवढे तरी लिहावे. लिहायला आता तुम्हाला येतेच. चिठ्ठी पावसात भिजते, म्हणून तेच घरच्या वहीतही उतरून ठेवावे.

आणि जगलेली सगळी कलमे एकाच बांधावर लावू नयेत. एक आपल्याकडे लावावे, एक मामाच्या गावी द्यावे, एक शाळेच्या आवारात लावावे.