चौकट : जुनी स्पोर्ट्स कार, एमएच-४२

व्हिंटेज कोणती? पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली खासगी दुचाकी वा चारचाकी. केंद्राचा नियम २०२१चा. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. गाडी रॅली, प्रदर्शनासाठी. रोजच्या फेऱ्यांना मनाई.

पन्नाशीच्या आत, पण १५ वर्षांपुढे : फिटनेस तपासणी, दर ५ वर्षांनी नूतनीकरण, पर्यावरण कर. बारामती, इंदापूरसाठी आरटीओ बारामतीचे (एमएच-४२).

पेट्रोल : ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. ते ओलावा शोषते. जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरची गॅस्केट फुगतात, चिरतात. टाकीला गंज चढतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या हव्यात. महिनोन्महिने उभ्या गाडीत पेट्रोल साठवू नये. (हे इथेनॉल परिसरातल्याच उसाचे असू शकते!)

रस्ता : गाडीचे पोट जमिनीलगत, गतिरोधक तिरके, सावकाश ओलांडावेत. गाळप हंगामात रात्री जपून. जुने दिवे मंद, उसाच्या ट्रॉलीला अनेकदा मागचा दिवाच नसतो.

स्थानिक धागा : इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाचे, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली. तिची पद्मिनी ही मोटार १०८९ सीसीची. स्पोर्ट्स कार मात्र नव्हे.