संगणक विचारतो : सुरुवात कोठून?

खाली फेकलेल्या दगडाचा दोन सेकंदांनंतरचा वेग काढायचा, तर केवळ गुरुत्व त्वरण माहीत असून भागत नाही. सुरुवातीचा वेगही सांगावा लागतो. विद्युत परिपथांचेही तसेच आहे. कपॅसिटरचे व्होल्टेज कसे बदलेल हे समीकरण सांगते, पण ते कोठून बदलू लागले हे सांगत नाही. संगणकावर परिपथ तपासताना 'प्रारंभिक स्थिती'विषयी जे इशारे मिळतात, त्यांपैकी अनेकांचे मूळ येथे आहे.

परिपथ तपासणारी आजची बरीच सॉफ्टवेअरे 'स्पाइस' या प्रोग्रॅमच्या कुळातली आहेत. हा प्रोग्रॅम लॉरेन्स नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात तयार केला आणि तो १९७३ मध्ये जाहीर झाला. काळानुसार होणारे बदल मोजण्यापूर्वी स्पाइस एक काम करतो. सर्व काही स्थिरावलेले असताना प्रत्येक बिंदूचे व्होल्टेज किती असेल, ते तो काढतो. या हिशोबात कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार आणि तारेचे वेटोळे म्हणजे सलग तार.

आता १० व्होल्टच्या बॅटरीला प्रत्येकी १ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकसरीत जोडू. बॅटरीचे ऋण टोक भूमीला जोडलेले आहे. मधल्या बिंदूचे व्होल्टेज किती? विद्यार्थी चटकन ५ म्हणतील. संगणकाला मात्र दोन्ही बाजूंना तुटलेल्या तारा दिसतात. मधल्या बिंदूसाठी समीकरणच उरत नाही. म्हणून 'या बिंदूपासून भूमीपर्यंत मार्ग नाही' अशा अर्थाचा इशारा येतो. काही प्रोग्रॅम तेथेच थांबतात.

नेहमीचा उपाय म्हणजे मधल्या बिंदूपासून भूमीपर्यंत १ गिगाओहमचा मोठा रोध जोडणे. इशारा नाहीसा होतो, पण उत्तर येते ० व्होल्ट! कारण पुष्कळ वेळ गेल्यावर त्या रोधातून मधल्या बिंदूचा भार निघून जाईल. संगणकाचे चुकलेले नाही. त्याने आपण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. इशारा गप्प करणे वेगळे आणि त्याला उत्तर देणे वेगळे.

आपल्या ५ या उत्तरात एक गृहीत दडलेले होते : जोडण्यापूर्वी दोन्ही कपॅसिटर रिकामे होते. तेच संगणकाला सांगायला हवे. रोध तसाच ठेवून बॅटरी आरंभी ० व्होल्टवर ठेवावी आणि मग एकदम १० व्होल्टवर न्यावी, म्हणजे आपण बटण दाबतो तसे. मधला बिंदू ५ व्होल्टवर जातो. रोधामुळे तो हळूहळू उतरेल, पण येथील कालस्थिरांक २००० सेकंद असल्याने काही मिलिसेकंदांच्या प्रयोगात फरक जाणवणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे 'आयसी' ही आज्ञा वापरून ५ व्होल्ट ही सुरुवात थेट देणे. 'नोडसेट' ही आज्ञा तिच्यासारखी दिसते, पण ती केवळ अंदाज सुचवते. अखेरचे उत्तर संगणक स्वतःच शोधतो.

कधी इशारा न येताही हाच प्रश्न उभा राहतो. दोन सारख्या ट्रान्झिस्टरांचा आंदोलक संगणकावर पुष्कळदा सुरूच होत नाही, कारण दोन्ही बाजू तंतोतंत समतोल असतात. प्रत्यक्षातले घटक कधीच इतके सारखे नसतात. तेथे एका कपॅसिटरला थोडे व्होल्टेज देऊन तोल मोडावा लागतो.

एनजीस्पाइस, एलटीस्पाइस हे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. वर्गात वरचा प्रयोग करून पाहावा आणि मग विचारावे : बॅटरीच्या धन टोकाकडे १ आणि भूमीकडे ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर मधला बिंदू किती व्होल्टवर जाईल? आधी कागदावर, मग संगणकावर.