उसनी शक्ती

डिसेंबरातील पहाट आहे. उमरेड गावातील एका घरापुढे मोटार उभी आहे. घरातील आजोबांना डायलिसिसकरिता सकाळी ८ वाजता नागपूरच्या रुग्णालयात पोहोचावयाचे आहे. मुलाने किल्ली फिरविली. परंतु इंजिन काही जागे झाले नाही. ‘टक्’ असा एक क्षीण आवाज झाला, समोरचे दिवे मंदावले आणि सर्व शांत झाले. शेजारी धक्का मारावयास धावून आले. पण गाडी ऑटोमॅटिक गिअरची होती आणि तशी गाडी धक्क्याने सुरू होत नाही. इतक्यात नात घरातून जाड पुस्तकाएवढी एक पेटी घेऊन आली. ती पेटी म्हणजे जंप स्टार्टर होय. एवढ्याशा पेटीने एवढी मोठी मोटार सुरू होईल काय, असा प्रश्न त्या घराला पडला. तो पुष्कळांना पडतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी मोटार सुरू होते कशी, हे पाहिले पाहिजे. इंजिन आपण होऊन फिरू लागत नाही. त्याला प्रथम कोणीतरी फिरवावे लागते. पूर्वी हे काम माणूस करी. मोटारीच्या पुढील भागात लोखंडी हँडल घालून तो ते जोराने फिरवी आणि हँडल उलटले, तर त्याचे मनगटही मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी या कामी विजेला जुंपले. त्यांची योजना १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत आली आणि हँडलाची जागा ‘सेल्फ’ने घेतली. सेल्फ म्हणजे बॅटरीवर चालणारी एक लहान, पण बलवान विद्युत्-मोटर होय.

लहान पेट्रोल गाडीच्या सेल्फला साधारणतः १०० ते २०० अँपिअर प्रवाह लागतो. डिझेल गाडीला याहून पुष्कळ अधिक लागतो. मोबाइलच्या साध्या चार्जरमधून दोन-तीन अँपिअरच मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या मागणीचा मोठेपणा कळतो. परंतु ही मागणी किती वेळाची? अवघ्या दोन-तीन सेकंदांची! १५० अँपिअर प्रवाह ३ सेकंद वाहिला, तर खर्च होतो तो एका अँपिअर-तासाचा केवळ आठवा भाग. काळ्या मातीत रुतलेल्या बैलगाडीचेही असेच असते. तिला एकदा जोराचा रेटा मिळाला की पुढची वाट बैल चालतात. रेटा देणाऱ्यांना गावापर्यंत जावे लागत नाही.

जंप स्टार्टर असाच क्षणाचा रेटा देतो. त्याच्या पोटात लिथियम-आयन जातीचे घट असतात. हे घट १९९१ साली प्रथम बाजारात आले आणि त्यांच्यामागील संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घटांचे वजन थोडे असते आणि त्यांपैकी काही जातींचे घट साठविलेली शक्ती एकदम मोकळी करू शकतात. लहान तोटीच्या रांजणात पाणी पुष्कळ असले, तरी ते संथ धारेनेच येते. उलट घागर लहान असूनही ती एका क्षणात रिती करता येते. जंप स्टार्टर ही अशी घागर आहे. म्हणून चांगल्या प्रतीचा, गाडीच्या इंजिनाला साजेसा आणि पुरेसा चार्ज केलेला जंप स्टार्टर थकलेल्या बॅटरीची गाडी खरोखर सुरू करतो.

मग तो फसतो कोठे? पहिले कारण खरेदीतच असते. डब्यावर छापलेला अँपिअरचा मोठा आकडा बहुधा निमिषमात्र मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. सलग मिळणारा प्रवाह त्याहून बराच कमी असतो. दुसरे कारण बॅटरीच्या अवस्थेत असते. मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात व पूर्ण भरल्यावर तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. त्यांतील एखादा घट निकामी झाला असेल, तर पेटीतील बराचसा प्रवाह बॅटरीच गिळून टाकते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर प्रवाहाची वाटच अडते. आणि दिवे लख्ख लागत असूनही सेल्फ फिरत नसेल, तर दोष बहुधा बॅटरीत नसतो. तेथे मेकॅनिकलाच बोलवावे लागते.

विदर्भात आणखी एक शत्रू आहे. तो म्हणजे ऊन. उन्हाळ्यात या भागात पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे वैशाखात बॅटरीतील पाणी उडते व पट्ट्या झिजतात. हे नुकसान त्या वेळी दिसत नाही. पुढे थंडीत इंजिनातील तेल घट्ट होते, बॅटरीतील क्रिया मंदावते आणि मग एखाद्या पहाटे उन्हाळ्यातील दुखणे उघडे पडते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या वर जाते. तेथे ठेवलेला जंप स्टार्टरही लवकर निकामी होतो. प्रसंगी फुगून पेटही घेऊ शकतो. म्हणून उन्हाळ्यात ही पेटी गाडीत न ठेवता घरात गार जागी ठेवावी व प्रवासाला निघताना बरोबर घ्यावी. फुगलेली पेटी तर मुळीच वापरू नये.

वापरण्याची रीत सोपी आहे. पण तीत हयगय चालत नाही. गाडी बंद असताना लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला लावावा आणि काळा चिमटा माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या जागी, म्हणजे ऋण टोकाला किंवा इंजिनाच्या धातूच्या भागाला लावावा. चिमटे एकमेकांना टेकू देऊ नयेत. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने भडकतो. किल्ली तीन-चार सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी थोडे थांबावे. इंजिन सुरू झाले की चिमटे काढावेत. नंतर अल्टरनेटर बॅटरी भरू लागतो. म्हणून वाटेत गाडी लगेच बंद करू नये आणि पहिल्या संधीस बॅटरी तपासून घ्यावी. उसन्या शक्तीने एक दिवसाची अडचण भागते, मूळ दोष मात्र तसाच राहतो.

उमरेडच्या त्या घरापुढे नातीने चिमटे लावले, वडिलांनी किल्ली फिरविली आणि दुसऱ्याच क्षणी इंजिन घुमू लागले. आजोबा वेळेवर नागपूरला निघाले. शेजाऱ्यांनी त्या पेटीचे कौतुक केले. परंतु दर दोन-तीन महिन्यांनी पेटी आठवणीने चार्ज करून कपाटात ठेवीत होती ती नातच. तिने ते केले नसते, तर त्या पहाटे घरात एकाऐवजी दोन रित्या बॅटऱ्या असत्या. संकटकाळचे साधन संकटात उपयोगी पडावे, अशी इच्छा असेल, तर त्याची काळजी स्वस्थतेच्या दिवसांत घ्यावी लागते.